काचेआडच्या पूज्य वस्तू

दुसऱ्या धर्माच्या पवित्र वस्तूकडे ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? देवळात किंवा दर्ग्यात गेलो तर निदान तेथील उपासक समोर असतो आणि त्याच्याकडे पाहून आपली वागणूक आपोआप बेतली जाते. वस्तुसंग्रहालयात उपासक नसतो, पुजारी नसतो, धूप नसतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक आणि काच, एवढेच असते. समोरची वस्तू 'कला' म्हणून पाहावी असे आपल्याला तेथे सांगितले जाते आणि आपणही सुटका झाल्यासारखे ते मान्य करतो. ही सुटका खरी आहे काय?

माझा मुक्काम गेली काही वर्षे पानिपतास आहे. बाबराने येथे बांधविलेली काबुली बाग मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. प्रवासी इतिहासाचे पुस्तक उघडावे तशी ती पाहतात. तेथून थोड्याच अंतरावर बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. कलंदर १३२४ साली वारले, परंतु हिंदू आणि मुसलमान असे दोघेही आजदेखील तेथे आपली दुःखे घेऊन येतात. महाराष्ट्रातून कोणी बंधुभगिनी आल्या की काला आंब येथील स्मारक दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्वद किलोमीटरवरील दिल्लीस जाऊन राष्ट्रीय संग्रहालय पाहायचे, असा आमच्या घरी रिवाज पडला.

या संग्रहालयात मी अनेकदा थबकलो तो पिप्रहवा येथील अस्थींपुढे. उत्तर प्रदेशातील या गावचा स्तूप १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने उघडला. पुढे १९७१ ते १९७७ या काळात के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे अधिक खोल उत्खनन केले. त्यांना दगडी करंडकांत बावीस अस्थिखंड मिळाले. ते बुद्धाचे अवशेष मानले जातात. संग्रहालयात मी ते पाहिले तेव्हा समोरून शाळेची मुले रांगेने पुढे सरकत होती आणि बाजूला परदेशातून आलेली एक भिक्षुणी डोळे मिटून, हात जोडून उभी होती. मुलांच्या दृष्टीने ती 'पुरातन वस्तू' होती. भिक्षुणीच्या दृष्टीने ते संग्रहालयच नव्हते. २०२४ मध्ये यांपैकी काही अवशेष थायलंडला नेले, तेव्हा दर्शनासाठी लाखोंनी गर्दी केली. नोंदवहीतील क्रमांक तोच, अस्थी त्याच. काचेने त्यांचे काही बदलले नव्हते. काच बदलते ती पाहणाऱ्याला.

आपल्या मंडळीत यावर दोन उत्तरे ऐकू येतात. एक असे की अशा ठिकाणी जाऊच नये. दुसरे असे की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असे पौलानेच करिंथकरांस लिहिले आहे. तेव्हा खुशाल जावे, पाहावे, शिल्पकाराचे कौतुक करावे. दुसरे उत्तर मला पहिल्यापेक्षा अधिक खटकते. पौलाने ते वचन दुर्बळ बंधूच्या विवेकाला जपण्यासाठी लिहिले. आपण ते दुसऱ्याच्या श्रद्धेकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना म्हणून वापरतो. जी वस्तू एखाद्याने प्राण ओतून पूजिली, तिला केवळ 'सुबक' म्हणून पुढे जाणे हा नम्रपणा नव्हे. विरोध करणारा निदान त्या वस्तूचे म्हणणे ऐकतो तरी.

भाषांतराच्या कामात प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय हाताळताना एक गोष्ट लक्षात येते. अथेनै नगराचे वर्णन लूक स्वतः करतो तेव्हा ते 'मूर्तींनी भरलेले' आहे आणि ते पाहून पौलाचा आत्मा खवळतो. परंतु तोच पौल अरियपगात उभा राहून अथेनैकरांशी बोलू लागतो तेव्हा तो 'मूर्ती' हा शब्द टाळतो. तो 'सेबास्मा' म्हणतो. म्हणजे ज्याला कोणी पूज्य मानतो ते. संताप कमी झाला म्हणून नव्हे, तर समोरच्या माणसाच्या वस्तूला त्याच्याच मनातील नाव द्यावे म्हणून. मराठीत दोन्हीकडे 'मूर्ती' घालण्याचा मोह सोपेपणामुळे होतो. तो आवरला पाहिजे. शिवाय त्याने त्या वस्तू 'पाहिल्या' यासाठीचे ग्रीक क्रियापद वरवरच्या नजरेचे नाही; न्याहाळणे, पुन्हापुन्हा लक्षपूर्वक पाहणे असा त्याचा अर्थ आहे. नव्या करारात ते आणखी एकदाच येते, इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात. तेथे आपल्या पुढाऱ्यांच्या जीवनाचा शेवट कसा झाला तो न्याहाळावा असे सांगितले आहे. संतांच्या मरणाकडे जशा नजरेने पाहावे तशाच नजरेने पौलाने परक्यांच्या वेद्या पाहिल्या. म्हणून तर त्याला 'अज्ञात देवाची' वेदी सापडली.

येथे कोणी हिज्कीया राजाची आठवण देईल. त्याने मोशेने केलेला पितळी साप फोडला, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते. खरे आहे, परंतु तो साप त्याच्याच लोकांचा होता. आपल्या घरातील वस्तू बिघडली तर ती फोडण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपली. अथेनैतील एकाही वेदीला पौलाने हात लावला नाही. इफिसात दंगल उसळली तेव्हा तेथील शिरस्तेदारानेच साक्ष दिली की या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आमच्या देवीची निंदाही केली नाही.

ही साक्ष हलकी नाही, कारण पवित्र वस्तूंचा इतिहास बहुधा लुटीचा असतो. पेपे कुटुंबाकडे राहिलेली पिप्रहवाची रत्ने २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात निघाली होती. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलैत ती स्वदेशी आली. अस्थींसोबत पुरलेल्या रत्नांना किंमत लावता येते काय, हा प्रश्न त्या वेळी बौद्धांनी विचारला. तो आपणही विचारायला हवा होता. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कलासंग्रहालयात आपली उपासनेची पात्रे काचेआड आहेत. प्रभुभोजनाच्या प्याल्यापुढे उभा राहून एखादा हिंदू बंधू फक्त चांदीचे काम वाखाणून निघून गेला तर आपल्याला काय वाटेल?

पानिपतकराला याच संदर्भात एक मराठी नाव आठवते. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, दिवाण-ए-खासचे चांदीचे छत वितळवून सैन्याचा खर्च भागवला आणि पुढे कूच करताना दिल्ली नारोशंकराच्या हवाली केली. याच नारोशंकराने १७४७ मध्ये नाशिकला गोदातीरी बांधलेल्या देवळात जी प्रसिद्ध घंटा लागली, ती १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगिजांकडून मिळालेली. ख्रिस्ती उपासनेस बोलावण्यासाठी ओतलेली घंटा शिवापुढे टांगली गेली. ती परत मागावी असे आमच्यातील काही तरुण अधूनमधून म्हणतात. मला तसे वाटत नाही. वसईच्या त्या चर्चांत आज कोणी तिची वाट पाहत नाही आणि नाशिकात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिच्याखाली हात जोडले आहेत. ती संग्रहालयात गेली असती तर मला अधिक वाईट वाटले असते. मात्र नाशिकच्या एखाद्या भाविकाने कधी वर पाहून ही घंटा कोणाला हाक मारण्यासाठी ओतली होती असे विचारले, तर त्याच्याशी बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे.