आजारी लेकराचे सत्य

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातील एका खेड्यातून एक आजोबा आपल्या नातवाला शहरातील इस्पितळात घेऊन येतात. पोराला नीट दिसत नाही, एवढेच त्यांना ठाऊक असते. तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात, की परशुरामच्या दोन्ही डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. येथपर्यंत ही एका दुर्दैवाची कथा आहे. परंतु डॉ. साने पुढे आग्रह धरतात, की शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगितले गेले पाहिजे. आजोबांची जीभ रेटत नाही. आमच्या मते या चित्रपटाचा खरा विषय कर्करोग नसून ती न रेटणारी जीभ हाच आहे.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी तो मान आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला लाभला होता; मध्ये पन्नास वर्षे गेली. दोन्ही चित्रपटांतील मूल कोकणातले. मात्र श्यामची कथा लिहिणारे साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून खानदेशातल्या माणसाला त्या कथेवर आपलाही थोडा हक्क वाटतो. असो.

एवढ्याशा पोराला हे सांगायचेच कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. आमच्याही मनात आला. आपल्या घरांतून मुलांपुढे आजाराविषयी बोलायची रीत नाही. रिपोर्ट आला की मोठी माणसे स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतात. पोराला बाहेर खेळायला पिटाळतात. पोर खेळत नाही, ते दाराशी कान लावते. आईचे डोळे लाल का, आजी आज न मागता साखर का देते, हे सारे ते टिपत असते. कोणी काही सांगितले नाही, की ते आपल्या मनाने कारण जुळवते. आणि ते कारण बहुधा ‘माझेच काही चुकले’ असे असते. खरे कारण कितीही भयंकर असले, तरी या कल्पिलेल्या अपराधाइतके ते त्याला एकटे पाडत नाही.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी सुमारे ४२० साली असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात एक उदाहरण घेतले आहे. एक मनुष्य अंथरुणाला खिळलेला आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे आणि तो विचारतो, मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगितले तर ऐकणाराही जाईल, अशी अवस्था. हा प्रसंग आपल्यालाही हेलावून टाकतो, हे ऑगस्टीन लपवीत नाहीत. तरीही खोटे बोलण्याची मुभा ते देत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे एक भेद स्पष्ट केला: असत्य बोलणे निराळे आणि सत्य विवेकाने झाकून ठेवणे निराळे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही म्हणतो, की सत्य सांगितले जाण्याचा हक्क बिनशर्त नसतो. ते कोणाला व केव्हा सांगावे हे बंधुप्रेमाने ठरवावे लागते.

मात्र या सवलतीचा आधार घेताना आम्हांला एक शंका छळते. आपण झाकतो ते कोणासाठी? आजोबा गप्प राहतात ते नातवाच्या मायेपोटी, हे खरेच. परंतु ते सांगताना नातवाचा चेहरा पाहण्याचे धैर्य त्यांना नाही, हेही तितकेच खरे. डोळे जायचे आहेत ते परशुरामचे. त्याविषयी सर्वांत शेवटी कळावे असा मनुष्य परशुरामच असावा, हा न्याय कोणता?

दृष्टिपटलाचा हा कर्करोग, ज्याला वैद्यकात रेटिनोब्लास्टोमा म्हणतात, बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो. बाहुलीत पांढरी झाक दिसणे हे त्याचे एक लक्षण. अशी झाक दिसताच मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दोन्ही डोळ्यांत तो होतो तेव्हा मुळाशी जनुकातला बदल असतो. घराण्यात पूर्वी कोणाला नसतानाही तो बदल होऊ शकतो. पण एकदा झाला की त्या मुलाच्या लेकरांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे मुलाच्या आजाराबरोबर घराण्याचाही प्रश्न उभा राहतो. आणि तेथे आम्हांला आमचा सातपुडा आठवतो.

धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, विशेषतः भिल्ल व पावरा बांधवांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. १९९८ साली नंदुरबार वेगळे झाले, त्यापूर्वी यातला बराचसा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हातपाय आवळून वेदनेने ओरडते. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे, एवढेही निमित्त पुरते. आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला तरच मूल असे आजारी पडते. एकाकडूनच आला तर ते नुसते वाहक असते आणि बहुधा धडधाकट जगते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचा संकल्प सोडला. पण कार्ड हाती आल्यावर ते पेटीच्या तळाशी जाते, कारण घरात लग्नाची मुलगी असते.

आणि दोष कोणाच्या माथी? बहुधा सुनेच्या. ‘तिच्याकडून आले’ असे म्हणून घर मोकळे होते. वास्तविक रक्ताची तपासणी या बाईची साक्षीदार आहे: अर्धे तिच्याकडून, अर्धे तिच्या नवऱ्याकडून. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. संत योहानाच्या त्याच नवव्या अध्यायात पुढे त्या आंधळ्याच्या आईबापांना बोलावले जाते. आम्हांला ठाऊक नाही, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा, असे म्हणून ते अंग काढून घेतात. सभास्थानातून बहिष्कृत होण्याचे भय त्यांना होते. आपल्या घरांतील मौनही पुष्कळदा याच जातीचे असते.

याहून अवघड पेच एक आहे. समजा, मूल आजारी निघाले, आई वाहक निघाली आणि वडिलांचे रक्त निर्दोष. अशा वेळी कोठे तरी काही पुरून ठेवलेले असण्याचा संभव असतो. कदाचित मूल दत्तक असेल. कदाचित दुसरे काही. कागद हातात धरून उभ्या असलेल्या परिचारिकेने काय करावे? आमचे मत असे, की मुलाच्या उपचाराला जेवढे लागते तेवढे तिने स्पष्ट सांगावे, उरलेले आईशी एकांतात बोलावे, आणि खोटा कागद मात्र कधीही करू नये. दत्तक मुलाला तर एक ना एक दिवस सत्य सांगावेच लागेल. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. दुसऱ्या प्रकारच्या गुपिताविषयी आमच्याजवळ तयार उत्तर नाही. तेथे पापनिवेदनाची खोली सभेच्या मंडपापेक्षा अधिक उपयोगाची.

विवाहाबाबत मात्र संदिग्धता नको. १९८३ च्या धर्मविधी-संहितेतील कलम १०९८ नुसार, संमती मिळवण्यासाठी वैवाहिक जीवन गंभीरपणे ढवळून काढणारी बाब कपटाने लपवली असेल, तर तो विवाह अवैध ठरू शकतो. कोणती बाब त्यात मोडते ते धर्मन्यायालय ठरवील. पण पेटीच्या तळातले ते कार्ड विवाहपूर्व शिबिरात दोघांनीही बाहेर काढण्यात लाज कसली?

‘श्वास’मध्ये अखेर परशुरामला सांगितले जाते. पुढे शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा कोणालाही न सांगता त्याला घेऊन इस्पितळाबाहेर पडतात. इकडे धावपळ उडते, डॉक्टर संतापतात, आणि तो संताप गैर म्हणता येत नाही. परंतु आजोबांनी त्याला नेलेले असते ते डोळे आहेत तोवर जग दाखवण्यासाठी. डॉक्टरांना सत्य सांगायचे होते. ते सांगून झाल्यावर मुलाला थोडा वेळही द्यावा लागतो, हे त्या खेडुताला अधिक कळले होते.

सातपुड्यातल्या पोराचे मागणे यापेक्षा साधे आहे. त्याला दिवसभर भरपूर पाणी प्यावे लागते, दुखू लागले की बसावे लागते. वर्गात दर तासाला उठला तर त्याला ओरडा बसतो, कारण गुरुजींना घरून कोणी काही कळवलेले नसते. कळवावे की नाही यावर आईवडिलांत वाद होतो, आजी मध्ये पडते, फादरांचा सल्ला घेतला जातो. वर्गात कोणाला आणि किती सांगायचे, हे त्या पोरालाच एकदा विचारून पाहायला हरकत नाही.