सुधाकराला फोडून काय मिळालं?

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी व्यसनमुक्तीवर परिसंवाद होता. माझ्या आधी जे बोलले त्यांनी या कामात हयात घालवली आहे, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. ते म्हणाले, "दारुड्याला आधी फोडावा लागतो, मगच जोडता येतो." मंडप टाळ्यांनी दणाणला. पुढे म्हणाले, व्यसनी माणूस मुळात खोटारडा. त्याला गोड बोलून विचारत बसणं हे परदेशी खूळ आहे. चार माणसांत बायकोमुलांना त्याच्या तोंडावर सगळं बोलायला लावावं, त्याची मान खाली गेली की अर्धं काम झालं. मला दहा मिनिटं मिळाली. तेवढ्यात उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

मला ते देण्याचा हक्क आहे, कारण समुपदेशक म्हणून सुरुवातीची चौदा वर्षं मीही तेच केलं. शपथा घातल्या. एका बापाला त्याच्या चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. तेल लावून चापून बसवलेले केस, त्यावर बापाचा थरथरणारा पंजा, आणि खाली खांदे आक्रसून, डोळे घट्ट मिटून बसलेलं पोरगं. आम्ही सगळे गहिवरलो होतो. दहाव्या दिवशी शपथ मोडली. महिन्याभराने पोराला टायफॉइड झाला. मी भेटायला गेले तेव्हा बाप दवाखान्याच्या जिन्यात बसून पीत होता. म्हणाला, "मॅडम, मीच मारतोय ना त्याला?" मुलगा बरा झाला. बाप मात्र पुढची तीन वर्षं आमच्या दारात फिरकला नाही. त्याची मान आम्ही खाली घातली होती, अगदी वक्त्यांनी सांगितली तशी.

एसटी स्टँडच्या भिंतींवर, मुतारीच्या दारांवर एक जाहिरात असते: रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी ती पूड आमटीत कालवून घातलेली असते. त्यात काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. दारूशी न जमणारं डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. त्या बायकांना मी दोष देत नाही. रात्र काढायची असते त्यांना. पण त्या जाहिरातीतला 'नकळत' हा शब्द मला फार दिवस छळत होता. शेवटी लक्षात आलं, की शपथ काय, चारचौघांतली शोभा काय आणि ही पूड काय, तिन्हींत सोडणाऱ्या माणसाला वगळूनच सोडवायचा घाट असतो. निर्णय आमचा, कारणं आमची, अश्रूही आमचेच. त्याने फक्त सही करायची.

ज्याला वक्ते परदेशी खूळ म्हणाले त्याचं नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. मराठीत त्याला 'प्रेरणादायी मुलाखत' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. लोकांना वाटतं, हातात माइक घेतलेला कुणी मोटिव्हेशनल स्पीकर स्फुरण चढवणार. इथे तर बोलायचं असतं समोरच्याने. विल्यम मिलर हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९८२ साली ते नॉर्वेत, बर्गनजवळच्या एका दारू-उपचार केंद्रात होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ पेशंट बनून त्यांच्यासमोर बसायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे: आत्ता हाच प्रश्न का? त्याच्या बोलण्यातला हाच शब्द का उचललात, तो दुसरा का सोडलात? उत्तरं देता देता मिलर यांना स्वतःच्याच कामाचे नियम सापडले, जे त्यांनी कधी मांडले नव्हते. वाद घालायचा नाही. सोडण्याची कारणं आपण सांगायची नाहीत, त्याच्या तोंडून यायची वाट पाहायची आणि आली की ती हातची जाऊ द्यायची नाहीत. १९८३ साली त्यावर लेख आला. पुढे वेल्समध्ये काम करणारे स्टीफन रोलनिक त्यांना भेटले आणि १९९१ साली दोघांचं पुस्तक निघालं. एवढा इतिहास पुरे.

मला पटलं ते त्यामागचं साधं निरीक्षण. पिणारा माणूस दोन मनांचा असतो. सोडावी असंही त्याला वाटतं, सोडवत नाही असंही वाटतं. मी 'सोड'ची बाजू घेतली की त्याच्या वाट्याला उरते ती पिण्याची बाजू. ती तो जीव तोडून लढवतो, आणि लढवता लढवता स्वतःलाच पटवतो. चौदा वर्षं मी माणसांकडून दारूची वकिली करून घेत होते.

बाजारातला एक हमाल बायकोने आणला होता. खुर्चीच्या कडेवर टेकला, पायातली चप्पल अर्धी काढलेली.

"बायकोनं आणलं म्हणून आलो. मला काय त्रास नाय. समदेच पेतात."

पूर्वी मी म्हणाले असते, सगळे विहिरीत उडी मारतील तर तुम्ही माराल का. या वेळी म्हणाले, "म्हणजे तुमच्या मनाने आला नाहीत. आणि आजची हमाली बुडाली."

"बुडाली ना. आज कांद्याच्या गाड्या जास्त हुत्या." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

दारूतलं काय बरं वाटतं, असं विचारलं. त्याला हा प्रश्न कुणीच कधी विचारला नव्हता. तो बराच वेळ बोलला: दिवसभर पोती उचलून अंग मोडतं, एक क्वार्टर मारली की खांदे हलके होतात, झोप लागते. मी ऐकलं. मग विचारलं, "आणि न आवडणारं?"

"पोरगी," तो म्हणाला, आणि थांबला. "आठवीला हाय. मी घरात शिरलो की वही मिटून ठेवते."

"ती वही मिटते, आणि ते तुम्हाला लागतं."

"लागतं म्हंजे... मी काय तिची वही फाडणार हाय का?" टेबलावरच्या काचेवर तो नखाने रेघ ओढत राहिला. "एकदा फाडली हुती."

हे वाक्य बायकोने चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकलं असतं, तर तो म्हणाला असता, खोटं बोलतीय. त्याच्या तोंडून आलं म्हणून ते नाकारायला कुणी उरलं नाही. पुढे मी विचारलं, दारू कमी करणं तुम्हाला दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं? तो म्हणाला, चार. या जागी जीभ आवरायची असते. 'चारच का, दहा का नाही?' असं विचारलं की माणूस न सोडण्याची कारणं मोजू लागतो. 'शून्य का नाही, चार का?' असं विचारलं की सोडण्याची मोजतो. तो म्हणाला, "पोरगी हुशार हाय, मॅडम." सोमवारी येतो म्हणाला. सोमवारी आला नाही. पाच आठवड्यांनी आला, एकटा.

वक्त्यांना पुरावा हवा असेल तर तो आहे. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं, की समुपदेशक जितका तोंडावर आरोप करतो तितका पेशंट वर्षभरानंतर जास्त पितो. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले सदतीस का येत नाहीत याची कारणं बरीच असतील, पैसा, अंतर, बुडणारी हजेरी. पण आमच्या खोल्यांत काय बोललं जातं हे त्यांना ठाऊक आहे, हेही त्यातलं एक कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि आपल्याला हे परदेशातून कळायला हवं होतं का? गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं आहे. आपण ते दारूच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणून वाचतो. मला ते अपमानाचं नाटक वाटतं. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील. भर कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या जळत्या मनावर तळीराम पहिला प्याला ठेवतो. बरं, गडकरी तिथे थांबत नाहीत. सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, खरोखर ठरवतो, कामासाठी प्रतिष्ठितांची दारं ठोठावतो. तिथे त्याला काय मिळतं? हिडीसफिडीस. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. फोडण्याचं काम गावाने चोख केलं होतं. फुटलेला सुधाकर जोडला गेला नाही. तळीराम एकटाच असा होता, की जो त्याला खाली मान घालायला लावत नव्हता. माझ्या पूर्वीच्या खोलीतून उठून माणसं कुठे जात असतील, हे मला त्या प्रवेशावरून कळलं. तळीरामाची खुर्ची कुणीतरी भल्या माणसाने घ्यायला हवी होती, एवढंच मिलर सांगतात असं मी बरीच वर्षं नव्या मुलामुलींना शिकवलं.

पण नाटक सुधाकरावर संपत नाही, आणि इथे माझी खात्री ढळली. मंडपात टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या चार रांगा बायकांच्या होत्या. परतीच्या गाडीत मला त्यांचेच चेहरे दिसत राहिले. फोडा म्हटल्यावर त्या का आनंदल्या? कारण घरात फोडलं जातं ते त्यांना. पाच आठवड्यांनी तो एकटा आला, असं मी वर समाधानाने लिहिलं. त्या पाच आठवड्यांत ती कशी राहिली, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेचा अभ्यास मी पुन्हा काढून वाचला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष, आणि समुपदेशक म्हणून डॉक्टर नव्हेत, तर या कामासाठी तयार केलेली स्थानिक माणसं. पद्धत याच संवादावर बेतलेली, फार तर चार बैठकींची. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आले ते ३६ टक्के. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. वर्षभरानेही फरक टिकून होता. हे आकडे मी कितीदा तरी अभिमानाने सांगितले आहेत. त्याच निबंधात असंही लिहिलं आहे, की बायकोवरच्या हिंसाचारात दोन गटांत फरक दिसला नाही. ती ओळ मी आधीही वाचली होती. सांगितली मात्र कधी नव्हती.

सुधाकराची बायको सिंधू दळण दळते. माहेरची मदत नाकारते. नवऱ्याच्या हातून मार लागून मरताना पोलिसापुढे खोटं बोलते, की आपणच पडलो. तिला पतिव्रता म्हणून डोळे पुसण्यात आपण शतक घालवलं. संपूर्ण नाटकात 'तुला काय हवं आहे' असं तिच्या सुखासाठी धडपडणाऱ्यांनीही तिला थांबून विचारलं, आणि उत्तर ऐकून घेतलं, असं मला आठवत नाही. जो संवाद मी सुधाकराचा हक्क मानते, तो आधी तिचा आहे. नवऱ्याचं मन तयार होईपर्यंत बाईने कळ काढावी, असा अर्थ या पद्धतीतून निघत असेल, तर ती पद्धत माझ्या उपयोगाची नाही.

तरी मी फोडणाऱ्यांकडे जात नाही, कारण त्यांच्या वाटेने बाईला काही मिळतं असं दिसत नाही. मिलर, रॉबर्ट मायर्स आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतच १९९९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराला तयार नसलेल्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या वाटांनी मदत दिली. सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला धारेवर धरायचं, या वाटेने ३० टक्के माणसं उपचारापर्यंत आली. अलिप्त राहून स्वतःला सावरायचं, या अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मदतगटांच्या, वाटेने १३ टक्के. तिसऱ्या वाटेत घरच्यांशीच काम होतं: मार टाळण्याची तयारी आधी करायची, स्वतःचं जगणं पुन्हा उभं करायचं, तो शुद्धीत असेल ती वेळ बोलायला निवडायची, प्यायलेला असेल तेव्हा पांघरूण घालायचं नाही. त्या वाटेने ६४ टक्के आली. थरथर सुटण्याइतकी दारू भिनलेली असेल तर यातलं काहीही पुरत नाही. आधी इस्पितळ, औषध, देखरेख, नाहीतर अचानक सोडण्यानेच माणूस दगावू शकतो. तिथे बोलणं नंतर.

आता मी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवते, आणि आधी तिला. हमालाच्या बायकोला बोलावून घेतलं. ती आली तीच नवऱ्याची यादी घेऊन: किती पितो, कुठे पितो, कुणाबरोबर. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मला रात्री आतून कडी लावता यायला पायजे," ती म्हणाली.

कडी होती, त्यानेच एका रात्री लाथेने उखडली होती. त्या दिवशी आम्ही दोघींनी दारू हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. सुताराचे पैसे किती, चाळीत कुणाचं दार रात्री उघडेल, मुलीचं दप्तर कुणाकडे ठेवता येईल, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, हे कागदावर लिहिलं. कागद घडी करून तिने मुलीच्या वहीच्या कव्हरात सरकवला.