उणीव आणि देणे

डोळ्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका दिसतो, त्याला मराठीने 'बाहुली' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याला 'पुपिल्ला' म्हणतात. त्याचाही अर्थ लहानशी बाहुली असाच आहे. संस्कृतातील 'कनीनिका' आणि ग्रीकांचा 'कोरे' या शब्दांतही लहान मुलगीच दडलेली आहे. दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, कारण दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच इवलीशी प्रतिमा तिथे उभी असते. या बाहुलीभोवती काळे, तपकिरी वा घारे वर्तुळ असते, त्याला आपण बुबुळ म्हणतो. वैद्यकाच्या परिभाषेत ती परितारिका. प्रखर उन्हात ती बाहुली आक्रसून घेते, अंधारात मोठी करते. डोळ्यात किती उजेड येऊ द्यावा, हे ठरवणारा तो पडदा आहे.

काही बालके हा पडदा जवळजवळ न घेताच जन्माला येतात. या अवस्थेला ॲनिरिडिया म्हणतात. त्यांची बाहुली डोळाभर पसरलेली दिसते. वर्तुळाची मुळाशी उरलेली किनार फक्त डॉक्टरला उपकरणातून दिसते. साधारणतः ४० हजार ते १ लाख जन्मांमागे एक असे हे प्रमाण सांगितले जाते. दुसऱ्या एका दोषात बुबुळाला खालच्या बाजूला खाच राहते आणि बाहुली कुलपाच्या भोकासारखी दिसते. त्याला कोलोबोमा म्हणतात. मी येथे प्रामुख्याने पहिल्याविषयी लिहिणार आहे, कारण एक जुना नैतिक प्रश्न त्याने फार स्पष्टपणे पुढे आणला आहे.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तेथे महादेवाची मोठी यात्रा भरते. त्याच डोंगराच्या परिसरात दर्गाही आहे. धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यामधली ही वस्ती. आजारी लेकरासाठी नवस बोलायला माणसे जिथे जातात, अशा ठिकाणांपैकी हे एक. असे समजा, की या परिसरातल्या एखाद्या घरात ॲनिरिडियाचे मूल जन्मले. उजेडात नेले की ते डोळे गच्च मिटते. त्याची नजर स्थिर राहत नाही. डोळे सारखे हलत राहतात. विदर्भातले उन्हाळ्याचे ऊन म्हणजे या बालकाला शिक्षाच. घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल? तो वाचकांना सांगायला नको. 'ग्रहणात सुनेने काही चिरले का? कोणाचे पाप भोवले?'

हा प्रश्न केवळ अडाण्यांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्यांनी गुरूला हेच विचारले: पाप याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय बाजूला सारले आणि तो कामाला लागला. पुढील जवळजवळ सारा अध्याय चौकशीचा आहे. शेजारी चौकशी करतात, परूशी चौकशी करतात, आईबाप भीतीने अंग चोरून बोलतात. त्या माणसाला दिसू लागले, याचा आनंद मात्र फारसा कोणाला झालेला दिसत नाही. दोषी शोधण्याच्या नादात माणूस हरवतो, तो असा.

विज्ञानाने या चौकशीला आता उत्तर दिले आहे. डोळ्याच्या घडणीची सूत्रे हाती असलेले पॅक्स-६ नावाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. ते १९९१ साली ओळखले गेले. हेच जनुक उंदराचे घेऊन वॉल्टर गेहरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली फळमाशीत कार्यान्वित केले, तेव्हा माशीच्या पायांवर आणि पंखांवरही माशीचेच डोळे उगवले. या जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. त्यांतील एक निकामी असली, की उरलेली एक पुरी पडत नाही आणि ॲनिरिडिया होतो. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत ही उणीव आईकडून वा वडिलांकडून आलेली असते. उरलेल्या एक तृतीयांशात ती नव्यानेच उद्भवते. कोलोबोमाची खाच तर गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास मिटायची राहून गेलेली असते. आपल्याला दिवस गेले आहेत, याची आईला त्या वेळी पुरती खात्रीही झालेली नसते. विळीचा, सुरीचा, ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही.

तथापि कारण कळले म्हणजे प्रश्न मिटला, असे होत नाही. कारण आणि अपराध यांत माणूस सहज गल्लत करतो. बापाकडून जनुक आले म्हणजे बाप दोषी ठरला, असे कोणी म्हणेल. येथे सेमिनरीत शिकलेला एक जुना विचार मला उपयोगी वाटतो. संत थॉमस अक्वायनस यांनी संत ऑगस्टीनच्या मागोमाग असे मांडले, की अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नाही. असायला हवे ते नसणे, म्हणजे अनिष्ट. दगडाला दिसत नाही, पण त्याला कोणी आंधळा म्हणत नाही. दृष्टी हे दगडाचे देणेच नव्हे. माणसाला दिसत नसेल तर ती उणीव ठरते, कारण दृष्टी त्याच्या स्वभावाला देय आहे.

आता या विचाराचे परिणाम पाहा. 'ॲनिरिडिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'बुबुळ नसणे' असा आहे. जे नाही ते कोणी 'केले' असे म्हणता येत नाही. खड्डा खणणारा असतो. पण न पडलेल्या पावसाचा कर्ता कोण? तेव्हा 'हे कोणी केले?' हा प्रश्न चुकीच्या दारावर ठोठावतो. उणिवेच्या कल्पनेत जो शब्द खरा वजनदार आहे, तो 'देय' हा. या बालकाला काय देय होते आणि आता काय देय आहे, हाच योग्य प्रश्न. निसर्गाने दिले नाही ते पूर्णपणे परत आणणे वैद्यकाला अजून साधलेले नाही. पण निसर्गाचे देणे थकले म्हणून माणसांचे देणे माफ होत नाही.

हे देणे कोणते, ते बारकाईने सांगावे लागेल, कारण येथे रोग 'बरा' करण्यापेक्षा तो वर्षानुवर्षे सांभाळणे अधिक आहे. पहिले देणे वेळेचे आहे. रॉबर्ट मिलर व सहकाऱ्यांनी १९६४ साली मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमर या कर्करोगाच्या ४४० बालरुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांतील ६ जणांना ॲनिरिडिया असल्याचे आढळले. इतक्या दुर्मिळ दोषाच्या मानाने हा आकडा फार मोठा. पॅक्स-६ च्या शेजारचे डब्ल्यूटी-१ हे जनुकही काही बालकांत गळालेले असते आणि त्यांना हा धोका मोठा असतो. म्हणून घराण्यात दोष नसताना असे मूल जन्मले, तर जनुकीय तपासणी हवी. धोका असेल तर साधारण आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. डब्ल्यूटी-१ शाबूत असेल तर आईबापांची ही चिंता मिटते. गाठ वेळीच सापडली, तर बहुसंख्य मुले बरी होतात.

दुसरे देणे दीर्घ पहाऱ्याचे. या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू होतो. पुष्कळांना काचबिंदू होतो, तोही बहुधा मोठेपणी किंवा वाढत्या वयात, न दुखता. म्हणून डोळ्यातील दाब ठरावीक काळाने मोजत राहावे लागते. आधी थेंब, मग गरज पडल्यास शस्त्रक्रिया. डोळ्यावरील पारदर्शक पटलाला नवजीवन देणाऱ्या पेशी कमी असल्याने तेही हळूहळू गढूळ होते, आणि नुसते नेत्ररोपण तेथे टिकत नाही. शिवाय दृष्टिपटलाचा मध्यच अपुरा घडलेला असतो; त्यामुळे कोणत्याही चष्म्याने नजर पूर्ण होत नाही. काळसर काचांचा चष्मा, रुंद काठाची टोपी, वर्गात पहिला बाक आणि खिडकीकडे पाठ, मोठ्या अक्षरांची पुस्तके, भिंग: ही साधने साधी आहेत, पण त्यांवर एक आयुष्य उभे राहते.

कृत्रिम बुबुळही आता निघाले आहे. सिलिकॉनच्या, हाताने रंगवलेल्या अशा बुबुळाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. त्याने डोळे दिपणे कमी होते. परंतु डोळ्यातला दाब, भिंग व पटल यांचा विचार करून, जपूनच ते बसवावे लागते. निरोगी डोळ्याचा रंग बदलण्याच्या हौसेने असे काही बसवून घेणाऱ्यांनी दृष्टी गमावल्याची उदाहरणे आहेत. उपचार व्यक्तीच्या भल्यासाठी असावा. पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

एक अवघड प्रश्न उरतो. ज्याला स्वतःला हा दोष आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. अशा माणसाने संसार करावा की नाही? माझ्या मते त्याला माहिती देणे आपले कर्तव्य आहे. आज्ञा देणे नव्हे. तो विवेकाने ठरवील. गर्भातील जीवाला उणिवेच्या मापाने तोलून नाकारता येत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे. पण ती शिकवण उच्चारून जो समाज त्या आईला बाळंतपणानंतर एकटी सोडतो, त्याने अर्धेच सत्य सांगितले. जीव हवा म्हणणाऱ्याने नागपूरच्या गाडीचे भाडेही मोजले पाहिजे.

प्रतापगडच्या आईला हे पहारे परवडणार कसे? गोंदियाला २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपुरात २०१८ पासून एम्स आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्वाबरोबर क्षीणदृष्टीलाही मान्यता दिली. साधने कागदावर आहेत. पण बुडालेली मजुरी, दाखल्यासाठीच्या फेऱ्या, तारीख चुकली की पुन्हा महिनाभर थांबणे, हे कागदावर नाही. तेथे शेजाऱ्याचे, शिक्षकाचे, पॅरिशचे, ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. नवस फेडायला जसे सारे गाव निघते, तसे तपासणीच्या तारखेला दोन माणसे निघाली तरी पुष्कळ झाले.

आरंभीच्या बाहुलीकडे पुन्हा एकदा पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यात आपली जी प्रतिमा दिसते, ती बुबुळामुळे उमटत नाही. पुढच्या पारदर्शक पटलावर ती पडते. म्हणून बुबुळ नसलेल्या डोळ्यातही ती दिसतेच. त्यासाठी एकच अट आहे: पाहणाऱ्याने तितके जवळ जायला हवे.