एक नाव, तीन पडदे

बसा.

मुक्ताईनगरात रात्रीचे नऊ वाजलेत. बाहेर केळीची पानं वाऱ्यानं एकमेकांना घासताहेत. घरात, टीव्हीच्या खाली, एक आडवी काळी पेटी आहे. होम थिएटरचा मधला स्पीकर. बोललेला शब्द इथूनच येतो.

आधी नुसतं पाहा.

जाळी काढून ठेवलीय. डावीकडे एक मोठा पडदा, उजवीकडे तसाच दुसरा. हे वूफर. दोघांच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा रेशमी घुमट. हा ट्वीटर.

तोंडं तीन. शब्द एकच यायचा आहे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता कीर्तन लावा. पखवाज थांबलाय, टाळ थांबलेत. बुवा नाव घेतात, एकेक अक्षर सोडवत.

मुक्ताई.

पुन्हा ऐका. फक्त पहिलं अक्षर.

म. ओठ मिटलेले, आवाज नाकातून, छातीतून. हे काम दोन्ही मोठ्या पडद्यांचं. दोघं एकाच वेळी पुढे येतात, एकाच वेळी मागे जातात, सेकंदाला शंभराहून अधिक वेळा. बोट अगदी हलकं टेकवा पेटीच्या लाकडावर.

थरथर लागते का?

राहू द्या बोट तिथंच.

आता त. जीभ दातांवरून सुटते, तेवढाच टिचका. त्याची धार मधल्या घुमटाकडे जाते. आला आणि गेला. लाकडाला पत्तासुद्धा नाही.

मग आ. तोंड उघडं, घर भरतं. हा स्वर बहुतेक मोठ्या पडद्यांचाच.

आणि ई.

इथं थांबू या.

ई मध्ये दोन आवाज आहेत. एक खाली, ३०० हर्ट्‌झच्या जवळ. दुसरा वर, २००० च्याही पुढं. खालचा वूफर सांभाळतो. वरचा ट्वीटरच्या उंबरठ्यावर येतो. दोन कामांची वाटणी साधारण २००० ते ३००० हर्ट्‌झच्या दरम्यान कुठंतरी होते. पेटीच्या आत तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर असतात, ते ही वाटणी करतात. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

पण तिथं भिंत नसते. उतार असतो.

वूफर हळूहळू मागं सरतो, ट्वीटर हळूहळू पुढं येतो. मध्ये एक पट्टा असा, की तोच स्वर दोघंही म्हणत असतात. बऱ्याच स्पीकरांत वाटणीच्या नेमक्या जागी दोघं निम्म्या-निम्म्या जोरानं बोलतात. पावलाला पाऊल जुळलं, की अर्धा आणि अर्धा मिळून पुरा होतो.

इथून जवळ, चांगदेवला, तापी आणि पूर्णा मिळतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यानं पाणी तिथं आणखीच संथ झालंय. काठावर उभं राहून बोट दाखवता येत नाही, की इथवर तापी आणि इथून पूर्णा.

ते पाणी डोळ्यांसमोर आणा. आणि ई ऐका.

लांबू द्या.

आता उठू नका, नुसते गादीच्या कडेला सरका. अगदी टोकाला.

तेच नाव. जरा पातळ झालं ना?

दोन मोठ्या पडद्यांत दीड वीत अंतर आहे. समोर बसलं, की दोघांचा आवाज बरोबरीनं पोचतो. इतकं तिरपं बसलं, की एकाला पाऊण वीत जास्त चालावं लागतं. १००० हर्ट्‌झच्या लाटेची ती अर्धी लांबी. एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार एकाच क्षणी कानाशी येतात. एकमेकांना पुसतात. उरतं ते भिंतींवरून परत आलेलं. (आडवी पेटी टीव्हीखाली मावते म्हणून आडवी. कानाला विचारलं असतं, तर बहुधा उभी झाली असती.)

कुणीही कमी बोललेलं नाही. तरी शब्द उणा झाला.

तिथंच बसा थोडं. उणेपणही ऐका.

मग परत मध्ये या.

पखवाज सुरू झालाय. त्याच्या डाव्या पुडीवर कणीक थापलेली, उजवीवर शाई. घुमणारं एका हाताला, टणकणारं दुसऱ्या हाताला. ही वाटणी या गावाला वीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे, गाव एदलाबाद म्हणवत होतं तेव्हाचीसुद्धा.

पखवाजाला जाऊ द्या. तो आता लांब जातोय.

डोळे मिटा.

पडदे दिसत नाहीत. डावा कुठला, उजवा कुठला, शोधू नका. पेटीसुद्धा सोडून द्या. समोर, अंधारात, कपाळाच्या उंचीवर कुठंतरी, कुणीतरी बोलतंय.

एक गोष्ट राहिली. मघाशी आपण एका अक्षरावरून घाईनं पुढं गेलो.

क्. जीभ टाळ्याला लागते. त सुटायच्या आधी वाट बंद होते. निमिषभर आवाजच नाही. वूफर स्थिर. ट्वीटर स्थिर. तिघांनाही त्या क्षणी काही वाटून घ्यायचं नसतं.

बुवा पुन्हा नाव घेताहेत. श्वास हलका ठेवा.

मुक्…