नाही म्हणण्याचा अधिकार

मोटरसायकलीच्या यंत्रभागात जे बिघाड उद्भवतात त्यांपैकी बहुतेकांना काही ना काही रूप असते. सैल पडलेली साखळी खडखडते, फाटलेल्या गॅस्केटमधून तेल पाझरते, झिजलेल्या बेअरिंगचा खुळखुळाट हाताला जाणवतो. परंतु वायरिंगमधला बिघाड हा जातीनेच निराळा असून तो एखाद्या वस्तूच्या असण्याने नव्हे, तर बहुधा नसण्याने प्रकट होतो. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडत नाही. तार मात्र जागच्या जागी आहे, तिच्यावरील आवरण अभंग आहे, रंगही कारखान्यातून निघतेवेळी होता तोच आहे, आणि इतके सर्व यथास्थित असूनही जे तिच्यातून यावयास हवे ते येत नाही. जुन्या बुलेटपाशी उकिडवा बसलेला मिस्त्री तारेच्या एका जोडावर बोट ठेवून म्हणतो, "हितपर्यंत करंट आहे, हितनं पुढं नाही." या एका वाक्यात दोन विधाने आहेत. जे आहे ते त्याने कशावरून जाणले याचा उलगडा सोपा आहे. परंतु जे नाही ते त्याने कशाने जाणले, आणि ते ठामपणे सांगण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न त्या मिस्त्रीपुरता राहत नाही. देव नाही असे म्हणणारा आणि मला तो भेटला असे म्हणणारा, हे दोघेही याच प्रश्नाच्या कक्षेत येतात.

आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न भूतलावर नसलेल्या घटाच्या निमित्ताने शतकानुशतके घोळविला आहे. कणादाच्या परंपरेत प्रशस्तपादापर्यंत पदार्थ सहाच मोजले जात. अभावाला सातव्या पदार्थाचा मान पुढच्या वैशेषिकांनी दिला, आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्याने विद्यार्थिदशेत पाठ केला त्याला ही सातांची यादी आणि अभावाचे चार प्रकार मुखोद्गत असतात. अभाव जाणला जातो तो कशाने, याविषयी मात्र एकमत नव्हते. नैयायिक म्हणे की घटाचा अभाव डोळ्यांनीच, म्हणजे प्रत्यक्षानेच, ग्रहण होतो; कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात अभावाला स्वतंत्र प्रकरण देऊन अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण मानले, आणि पुढे धर्मराजाध्वरीन्द्राच्या वेदान्तपरिभाषेनेही तेच पत्करले; उलटपक्षी प्रभाकराचे म्हणणे असे की अभाव म्हणून काही वेगळे नाहीच, घट नाही असे जे आपण म्हणतो ते केवळ रिकाम्या भूतलाचे ज्ञान होय. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, ज्याची सुधारलेली आवृत्ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सिद्ध केली आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली प्रसिद्ध केली, तो उघडून पाहिला तर या वादाला किती फाटे फुटले याची कल्पना येते.

प्रभाकराचा पक्ष लाघवामुळे मनाला भुरळ घालतो खरा; पण विद्युत्प्रवाहाच्या बाबतीत तो टिकेल असे मला वाटत नाही. भूतल घटासहित आणि घटरहित असे दोन प्रकारांनी डोळ्यांना वेगळे दिसते, म्हणून रिकामे भूतल पाहिले की काम भागते. तार तशी नाही. प्रवाह वाहत असलेली तार आणि प्रवाह खुंटलेली तार दिसावयास सर्वथा एकच. केवळ तारेकडे कितीही वेळ एकाग्रतेने पाहिले तरी ती आपला अभाव सांगणार नाही. तिच्याविषयी 'नाही' हे ज्ञान व्हावयाचे तर पाहण्याहून अधिक असे काहीतरी करावे लागते, आणि ते काय असते हे पाहण्यासाठी मिस्त्रीच्या हातातील साधनाकडे वळले पाहिजे.

ते साधन म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डरात बसविलेला बारा व्होल्टचा एक बल्ब, त्यातून निघालेल्या दोन तारा, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला टोकदार सळई, एवढाच त्याचा सरंजाम. चिमटा गाडीच्या सांगाड्याला लावावयाचा आणि सळईचे टोक फ्यूजपासून किल्लीच्या स्विचपर्यंत, स्विचपासून इग्निशन कॉइलपर्यंत, क्रमाक्रमाने टेकवीत जावयाचे. जेथपर्यंत बल्ब लागतो तेथपर्यंत प्रवाह पोचतो आणि जेथे लागेनासा होतो तेथे अलीकडच्या टप्प्यात खोट आहे असा निष्कर्ष काढावयाचा. परंतु जाणता मिस्त्री ही तपासणी संशयित तारेपासून कधीच सुरू करीत नाही. तो आधी सळई आणि चिमटा बॅटरीच्या दोन टोकांना लावून बल्ब लागतो याची खातरजमा करतो. मग चिमटा सांगाड्याला लावून सळई बॅटरीच्या धन टोकाला टेकवितो आणि बल्ब पुन्हा लागतो की नाही हे पाहतो, कारण मोटरसायकलीत प्रवाह तारेने जातो आणि सांगाड्याच्या लोखंडातून परततो, आणि चिमटा जर रंगाच्या थरावर किंवा गंजावर बसला असेल तर परतीचा मार्गच बंद होऊन तार जिवंत असतानाही दिवा निमूट राहील. एवढी रुजुवात झाल्यावरच तो संशयित जागी जातो. आणि जे विशेष दक्ष असतात ते तपासणी संपल्यावर पुन्हा एकदा बॅटरीपाशी येऊन दिवा लावून पाहतात, कारण मधल्या काळात बल्बची तार तुटली असण्याचा संभव असतो.

मिस्त्रीच्या या तीन हालचालींत जे तत्त्व आहे त्याला शास्त्रकारांनी योग्यानुपलब्धी असे नाव दिले. न आढळणे एवढ्यावरून नसणे सिद्ध होत नाही. ती वस्तू तेथे असती तर या साधनाने, या परिस्थितीत, आढळलीच असती, इतके आधी प्रस्थापित झाले असेल तरच तिचे न आढळणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण ठरते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. फ्यूज झालेल्या बल्बने तारेत प्रवाह नाही असे म्हणता येत नाही. नकाराच्या पाठीमागे अशा रीतीने एक होकार उभा असावा लागतो, आणि तो होकार ज्याने आधी मिळविलेला नाही त्याचा नकार, कितीही मोठ्या आवाजात उच्चारलेला असो, पुराव्यात दाखल करून घेण्याजोगा नसतो.

हा नियम कोणा एका संप्रदायाच्या मालकीचा नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याची अत्यंत काटेकोर मांडणी केली ती बौद्ध धर्मकीर्तीने, ज्याला जगत्कर्ता ईश्वर मान्य नव्हता. न्यायबिन्दूत त्याने अनुपलब्धीचे अकरा प्रकार दाखविले आणि दृश्य, म्हणजे दिसण्यास पात्र, अशाच वस्तूच्या न दिसण्याला हेतुत्व दिले. सुमारे हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्याने न्यायकुसुमाञ्जलीच्या तिसऱ्या स्तबकात तेच शस्त्र ईश्वराच्या बाजूने उचलले. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्या प्रतिपक्षाला त्याचे उत्तर असे की न दिसण्याने बाध होतो तो दिसण्यास योग्य अशा वस्तूचा. जो स्वभावतःच इंद्रियांचा विषय नव्हे त्याच्या न दिसण्याने काय सिद्ध होणार? मग सशाचे शिंगही असेच वाचवावे काय, ही शंका त्याने टाळलेली नाही: शिंग हे जातीने दिसणारे आहे, म्हणून त्याचे न दिसणे हे त्याच्याविरुद्ध पुरेसे आहे.

उदयनाचे हे उत्तर बिनतोड आहे, पण त्याची मर्यादा त्याला स्वतःला पुरती ठाऊक होती. टेस्ट लॅम्प पेट्रोलच्या टाकीला लावला आणि तो लागला नाही, तर पेट्रोल संपले असे कोणी म्हणणार नाही. पण टाकी भरलेली आहे असेही त्यावरून ठरत नाही. विरोधकाचा नकार रद्दबातल करणे ही एक गोष्ट आणि आपला होकार सिद्ध करणे ही दुसरी. म्हणून तर ईश्वराच्या अस्तित्वाची साधक अनुमाने त्याने वेगळ्या, पाचव्या स्तबकात मांडली. आजकाल धर्मविषयक चर्चांतून तिसऱ्या स्तबकाचे तर्कशास्त्र पुष्कळ ऐकू येते आणि पाचव्याचे ओझे उचलण्यास सहसा कोणी पुढे येत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

त्याहूनही अधिक दुःख देणारी गोष्ट निराळीच आहे. साधन योग्य असेल तरच त्याची साक्ष ग्राह्य, हा नियम आध्यात्मिक क्षेत्रात अधिकाराच्या रूपाने अवतरला, आणि ते रास्तच झाले. पण त्याच्या आश्रयाने एक घोर अन्याय रूढ झाला. आजारी मुलासाठी नवस बोललेली आई, मूल गेल्यावर, कोणा महाराजांपुढे जाऊन रडते, आणि तिला सांगण्यात येते की तुझ्या श्रद्धेतच कसर राहिली. कसर राहिली हे कशावरून? फळ मिळाले नाही यावरून. आणि फळ का मिळाले नाही? कसर राहिली म्हणून. नैयायिकांनी ज्याला अन्योन्याश्रय म्हणून दोषांत गणले तोच हा प्रकार आहे. जो मिस्त्री आपला दिवा चांगला की वाईट हे संशयित तारेवरच ठरवील, म्हणजे लागला तर दिवा चांगला आणि न लागला तर दिवाच खराब असे म्हणत जाईल, त्याला त्या तारेतील खोट जन्मभर सापडणार नाही. दिव्याची परीक्षा बॅटरीवर व्हावी लागते, संशयाच्या जागेपासून दूर, जेथील उत्तर आधीच निर्विवाद आहे अशा ठिकाणी. साधकाच्या योग्यतेची कसोटीही तशीच साध्याहून स्वतंत्र असली पाहिजे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच जिज्ञासेच्या पूर्वी जे साधनचतुष्टय सांगितले त्यात नित्यानित्यविवेक आहे, वैराग्य आहे, शमदमादी संपत्ती आहे, मुमुक्षुत्व आहे. यांपैकी शम, दम, तितिक्षा यांची पारख ब्रह्म जाणल्यावाचूनही होऊ शकते, शेजारीपाजारी आणि घरची माणसे ती रोज करीतच असतात. परंपरेने आपल्या उत्तम क्षणी ही कसोटी तारेपासून वेगळी ठेवली होती. त्या आईला दोष देणाऱ्यांनी ती सोडून दिली.

आतापर्यंत मी 'नाही'ची बाजू तपासली. 'आहे' म्हणणाऱ्याचा मार्गही निर्वेध नाही, आणि याचा प्रत्यय वायरिंगच्या कामात येतो तितका स्पष्टपणे अन्यत्र येत असेल असे वाटत नाही. बुलेटच्या हँडलच्या सांध्यापाशी तारांचा जुडगा रोज वळतो, आणि काही वर्षांनी आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटते. हँडल सरळ असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली राहतात आणि टेस्ट लॅम्प खुशाल लागतो, हँडल डावीकडे वळले की तीच टोके विलग होऊन इंजिन बंद पडते. एका स्थितीत मिळालेला होकार सर्व स्थितींत लागू करण्याचा हक्क कोणालाही नसतो. याहून सूक्ष्म असा दुसरा प्रकार डिजिटल मल्टिमीटरचा. पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आणि तिच्यापासून निघालेल्या तारेचे सगळे धागे तुटून एकच तांब्याचा केस शिल्लक उरला असला, किंवा जोडावर हिरवा थर चढला असला, तरी मीटर पलीकडच्या टोकालाही तितकेच १२.६ दाखवील. यात मीटर खोटे बोलत नाही. त्याचा अंतर्गत रोध साधारणतः १ कोटी ओहम असल्याने तो तारेकडून अँपिअरच्या सुमारे एक दशलक्षांशाहून अधिक काही मागतच नाही, आणि एवढे क्षुल्लक मागणे एक केसही पुरे करू शकतो. तेथेच २१ वॉटचा बल्ब लावला की तो पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मग तारेची खरी ऐपत उघडी पडते. जोडात नुसता अर्धा ओहम रोध असला तरी ३५ वॉटच्या हेडलाइटच्या वाटेचा सव्वा व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, आणि तंतूच्या दिव्याचा उजेड दाबाच्या मानाने फार वेगाने घटतो म्हणून रस्त्यावर जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश पोचतो. (संगणकीय नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांवर मात्र असा भारी बल्ब लावू नये; तेथे तपासण्याची कृतीच नाजूक भागांना अपाय करू शकते.)

धार्मिक अनुभवाच्या ज्या साक्षी आपण वाचतो त्यांतील बऱ्याचशा मीटरच्या साक्षी असतात: एकांतात, देवळाच्या शांत गाभाऱ्यात, कीर्तनाच्या रंगात आलेल्या. त्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. दाखविलेला दाब खराच असतो. पण त्या अनुभवाकडून काही मागण्याची वेळ तोपर्यंत आलेली नसते. तुकारामांच्या गाथेचे महत्त्व मला या दृष्टीने असामान्य वाटते. सतराव्या शतकातील त्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बुडाला; आणि त्यानंतरच्या त्यांच्या अभंगांत विठ्ठल सापडल्याचे जितके आहेत तितक्याच निर्भयपणे तो न सापडल्याचे, त्याच्याशी भांडल्याचे, त्याच्या असण्याविषयीच शंका घेतल्याचेही आहेत. वारकऱ्यांनी हे दुसऱ्या प्रकारचे अभंग गाळून टाकले नाहीत; ते आजही तितक्याच आदराने म्हटले जातात, आणि पहिल्या प्रकारच्या अभंगांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो मला तरी मुख्यतः या दुसऱ्यांमुळे. मात्र दुसऱ्याच्या अनुभवावर असा भार घालून पाहण्याची मुभा कोणा मनुष्याला असेल असे मला वाटत नाही. तुकारामांच्या अनुभवावर तो दुष्काळाने घातला, कोणा परीक्षकाने नव्हे, आणि त्या मूल गेलेल्या आईवर तो आधीच पडलेला असतो.