ध्वनिफीत आणि इमला

१९५८ साली ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात फिलिप्स या डच कंपनीने जो मंडप उभारला, त्यात आपला माल मांडायचा नाही, तर प्रकाश आणि ध्वनी यांचे सामर्थ्य तेवढे लोकांच्या प्रत्ययास आणून द्यायचे, अशी मूळ तजवीज होती. आणि ज्याच्याकडे हे काम सोपविले तो वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए त्या काळी चंदीगढच्या उभारणीत गुंतलेला असल्यामुळे मंडपाच्या आकृतीचा बहुतेक भार त्याच्या कचेरीतील यानिस झेनाकिस या ग्रीक सहायकावर पडला. झेनाकिस अभियंता होता तसाच संगीतकारही होता. ‘मेटास्टासिस’ या त्याच्या रचनेत तंतुवाद्यांचे सरकते स्वर आलेखपत्रावर सरळ रेषांची जी जाळी उमटवीत होते, तिच्याच धर्तीवर मंडपाच्या वक्र भिंती आखल्या गेल्या. म्हणजे हा इमला एका अर्थी आधी वाजविला गेला आणि मागाहून बांधला गेला.

संगीतासाठी कंपनीला कोणी अधिक सुगम रचनाकार हवा होता. ल कॉर्ब्युझिएने मात्र एडगार व्हारेझचा हट्ट धरला आणि तो तडीस नेला. संस्थानिकाने बिदागी द्यावी, पण चीज कोणती गावी हे सुचवू नये, हा योग दरबारात जितका विरळा, तितकाच कारखानदाराच्या दफ्तरातही. व्हारेझ पंचाहत्तरीकडे झुकला होता; वाद्यांच्या आवाक्याबाहेरच्या नादाची मागणी करण्यात त्याची हयात सरली होती. आइंडहोवेन येथे त्याने सुमारे आठ मिनिटांची ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ ही फीत सिद्ध केली. घंटा, यंत्रांचा खडखडाट, मानवी कंठ, असा तो नाद भिंतींत बसविलेल्या तीनशेहून अधिक ध्वनिवर्धकांतून, आखून दिलेल्या मार्गांनी, श्रोत्यांच्या माथ्यावरून धावत जाई. दोन खेळांच्या मधल्या अवकाशात झेनाकिसची स्वतःची ‘काँक्रे पीएच’ ही छोटी रचना वाजे. तिचे सारे द्रव्य जळत्या कोळशाच्या तडतडीतून घेतलेले होते.

याच प्रदर्शनात ऑक्टोबरात प्रायोगिक संगीताचा मेळावा भरला. या संगीताच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. पॅरिसमध्ये पिएर शेफेरने १९४८ पासून व्यवहारातले आवाज टिपून त्यांचे संगीत घडविले होते. कलोनच्या नभोवाणी केंद्रात विद्युज्जन्य स्वरापासून प्रारंभ करण्याचा आग्रह होता. मिलानला बेरिओ आणि मादेर्ना हे या दोन वाटांत भेद मानीत नव्हते. परंतु मला त्या मेळाव्यातील खरी मौज वाटते ती जॉन केजची. अमेरिकेहून आलेल्या या गृहस्थाने तेथे तीस गोष्टी वाचल्या, प्रत्येकीला एक मिनिट. गोष्ट लांबली की वाचन भरधाव, आखूड असली की शब्दाशब्दात विसावा. साथीला संगीत मुळीच नव्हते. यंत्राने काळाचा जो कठोर हिशेब शिकविला, तो त्याने निव्वळ वाणीवर लादून दाखविला.

वादक नाहीसा झाला म्हणजे संगीत अविनाशी झाले, असा त्या पिढीचा समज झाला असल्यास तो अस्थानी नव्हता. फितीला घसा बसण्याचे भय नसते. ब्रुसेल्सने मात्र निराळीच अडचण दाखविली. वादकाची जागा तेथे वास्तूने घेतली होती. नाद कोठून उठावा आणि कोठे विरावा, हे ठरविणे आता भिंतींकडे आले होते, आणि प्रदर्शनातील भिंती मुदतीच्या असतात. १९५९ च्या जानेवारीत मंडप पाडला गेला. व्हारेझची फीत आजही ऐकता येते, पण दोन ध्वनिवर्धकांतून ऐकलेली ती रचना आणि त्या मंडपातील रचना यांना एकच कृती म्हणण्यास मी तयार नाही. हा अनुभव गाठीशी असतानाही झेनाकिसने १९६७ साली माँट्रिऑलच्या प्रदर्शनासाठी पुन्हा रचना केली, आणि १९७० साली ओसाका येथे जर्मन मंडपात श्रोत्यांना चहूबाजूंनी व खालूनही नादाने वेढणारे गोलाकार सभागृह संगीतकार स्टॉकहाउसेनने आनंदाने पत्करले. तेही प्रदर्शनानंतर पाडण्यात आले.