न पाहिलेल्याचं देणं

ज्याचं तोंड आयुष्यात कधी दिसायचं नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? शेजारचे नाना म्हणतात, "छे! दिसतात त्यांचीच फिटेनात." आणि निर्माल्याची पिशवी काळू नदीत सोडून गणपतीला हात जोडतात. काळू उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. टिटवाळ्याला समुद्र नाही असं कोण म्हणतो?

१९९८ साली पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, १०,८९८ मीटर खोल, कॅमेऱ्याला एक प्लास्टिकची पिशवी दिसली. ती नानांची नव्हे, हे मी छातीठोकपणे सांगतो. कुळातली मात्र असावी.

खोल समुद्रात अँगलरफिश नावाचा मासा असतो. अंधार असा, की मादी कपाळावरच्या दांडीला स्वतःचा कंदील टांगूनच हिंडते. उजेड पाडतात ते कंदिलातले जिवाणू. काही जातींत नर इवलासा. एकदा मादीला चिकटला की जन्मभर तिच्याच रक्तावर जगतो.

"यात नवल ते काय?" नानी म्हणाल्या.

नाना चिडले. "पण त्या कंदीलवालीनं माझ्यासाठी काय केलंय हो?"

काही नाही केलं. टिटवाळ्याला काही पाठवलंही नाही.

हल्ली नाना नदीत नुसती फुलंच सोडतात. पिशवी नानी आधीच काढून घेतात. धडकी पिशवी फुकट जाते म्हणून.